दहा वाजले की टेलिस्कोपमधला सूर्य उकळायला लागतो, डाग पुसट होतात: सोलापुरात यावर काय करायचं

सोलापुरात टेलिस्कोप घेतलेल्या बहुतेकांची तक्रार फिरून फिरून हीच असते. फिल्टर लावला, सूर्य सापडला, पांढरी चकती दिसली, तिच्यावर दोन-चार काळे ठिपके पण दिसले, पण कडा सारखी थरथरतेय, ठिपके क्षणात स्पष्ट आणि क्षणात पुसट, आणि फोटोत लोक दाखवतात ते सूर्याच्या पृष्ठभागावरचे बारीक दाणे तर कुठंच नाहीत. मग माणूस फोकसचा नॉब इकडं तिकडं फिरवत बसतो, घामाघूम होतो आणि शेवटी ठरवतो की टेलिस्कोपच खराब आहे, मोठा घ्यायला पाहिजे.

मोठा घेऊ नका. निदान एवढ्यासाठी तरी नको, कारण मोठा घेतला तर हाच सूर्य आणखी मोठा होऊन उकळताना दिसेल. आपल्याकडं दहापैकी नऊ वेळा टेलिस्कोपची चूक नसते, तुमच्या आजूबाजूच्या वीस-तीस मीटरमधल्या हवेची असते, म्हणजे गच्चीचा स्लॅब, शेजारचं पत्र्याचं शेड, खालचा डांबरी रस्ता आणि टेलिस्कोपची तापलेली नळी. या गोष्टी बदलता येतात आणि त्याला पैसे जवळपास लागत नाहीत.

पण उपायाच्या आधी सेफ्टी, आणि ही घाईत वाचू नका. फिल्टर टेलिस्कोपच्या तोंडाला लावायचा, पुढच्या बाजूला. आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, स्क्रू करून लावायचा छोटा गडद काचेचा 'सन' फिल्टर जुन्या स्वस्त टेलिस्कोपसोबत यायचा, तो घरात असेल तर आजच फोडून कचऱ्यात टाका, कारण गोळा झालेला सगळा उजेड आणि उष्णता त्या इवल्याशा काचेवर पडते आणि ती बघता बघता तडकते, आणि तेव्हा तुमचा डोळा तिथंच असतो. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळं भाजतंय हे समजतसुद्धा नाही. ग्रहणाचा गॉगल घालून टेलिस्कोपमधून बघणं पण तसंच, अजिबात नाही. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच, काही म्हणजे काही नाही. सोलर फिल्म घेताना ५.० डेन्सिटीची घ्या, ती एक लाखातला एकच भाग उजेड आत सोडते. ३.८ ची पण मिळते, ती फक्त फोटोसाठी आहे, डोळ्यानं बघायला नाही. फाइंडरला, म्हणजे नळीवरच्या निशाणा धरायच्या छोट्या दुर्बिणीला, झाकण लावा किंवा सरळ काढूनच ठेवा. सूर्य शोधायला फाइंडर लागतच नाही, जमिनीवर नळीची सावली बघत नळी हलवायची, सावली सगळ्यात लहान आणि गोल झाली की सूर्य आत आलाच. आणि फिल्टर चिकटपट्टीनं दोन-तीन ठिकाणी पक्का करा, आपल्याकडं दुपारचं वारं कधी सुटेल सांगता येत नाही. मुलं आजूबाजूला असतील तर टेलिस्कोप सोडून पाणी प्यायला पण जायचं नाही, जायचंच असेल तर आधी नळी सूर्यापासून फिरवून ठेवा.

आता मूळ दुखणं. हवा हलतेय हे तर दिसतंय, पण कुठली हवा, हे ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही. आणि ते ओळखायला सूर्याची कडा सगळ्यात भारी जागा आहे. मध्यम पॉवरचा आयपीस लावा, चकतीची कडा मधोमध आणा आणि मिनिटभर नुसतं बघत रहा. कडेवरून मोठ्या, संथ लाटा एका बाजूनं दुसरीकडं पळत असतील तर ती जवळची हवा, म्हणजे छत, भिंत, रस्ता. कडा फार बारीक आणि भराभर थरथरतेय, जणू कुणी ती खरवडतंय, तर ती उंचावरची हवा, तिच्यावर आपल्या हातात काही नाही, दुसऱ्या दिवशी बघायचं. आणि कडेच्या एकाच बाजूनं काहीतरी आळसटल्यासारखं सावकाश वर चढतंय, वारा आला तरी त्याच्यात फरक पडत नाही, तर ती तुमच्याच नळीच्या आतली गरम हवा.

अजून एक टेस्ट आहे, ती मला फार आवडते. कडा फोकसमध्ये आणा, मग फोकसर हळूहळू बाहेर काढा, म्हणजे आयपीस नळीपासून लांब न्या, अगदी थोडा थोडा. सूर्य धूसर होईल, होऊ द्या. धूसर झालेल्या त्या उजेडात एका ठिकाणी लाटा अचानक स्पष्ट, रेघारेघांच्या दिसायला लागतील. जवळची वस्तू फोकस करायला आयपीस जास्त बाहेर न्यावा लागतो, तसंच हे पण, लाटा जितक्या जास्त बाहेर नेल्यावर स्पष्ट होतात तितकी ती हवा तुमच्या जवळ. एकदा हे डोळ्यानं बघितलं की खात्री पटते, कारण त्या रेघा ज्या दिशेला वाहतात तिकडं मान वर करून बघितलं तर बऱ्याचदा सोलर वॉटर हीटर, पाण्याची काळी टाकी, शेजाऱ्याच्या एसीचं बाहेरचं युनिट, असलं काहीतरी सापडतंच.

वेळ

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढं जातो हे कुणाला सांगायला नको. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकत बसतो, मे महिन्यात पहाटे पाचला गच्चीवर अनवाणी चाललं तरी पायाला ऊब लागते. सूर्य उगवला की पुन्हा तेच सुरू. त्यामुळं आपल्याकडं चांगला वेळ सकाळचा, आणि तोही ठराविकच. एकदम उगवल्या उगवल्या बघून उपयोग नाही, कारण तेव्हा सूर्य क्षितिजाजवळ असतो, उजेड हवेच्या फार जाड थरातून येतो, कडेला लाल-निळी झालर दिसते. सूर्य साधारण २५ अंश वर आला की सुरुवात करा आणि स्लॅब तापायच्या आत आटपा. मेमध्ये हे साधारण आठच्या सुमाराला येतं, डिसेंबरमध्ये नऊच्या सुमाराला. तिथून पुढचा तास-सव्वा तास सोनं आहे. हिवाळ्यात जरा जास्त मिळतो, एप्रिल-मेमध्ये साडेनऊलाच खेळ संपतो. दुपारी सूर्य डोक्यावर असतो म्हणजे हवेचा थर सगळ्यात पातळ, मग दुपारीच छान दिसणार, असं कागदावर बरोबर वाटतं आणि प्रत्यक्षात सगळ्यात वाईट दिसतं, कारण वरची हवा पातळ असली तरी खालची पेटलेली असते.

वर्षातला सगळ्यात चांगला काळ माझ्या मते पावसाळा संपल्यावरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर. काळी माती ओली असते, रानं हिरवी असतात, धूळ बसलेली असते. थंडीत सकाळी धुरकं असतं म्हणून लोक टेलिस्कोप बाहेरच काढत नाहीत, पण सूर्याच्या बाबतीत धुरक्याला एवढं घाबरायचं कारण नाही, उजेड आपल्याला कमी पडणार नाहीये आणि धुरकं टिकून राहिलंय याचा अर्थच असा की हवा शांत आहे. सूर्याच्या कडेजवळ जे फिकट पांढरे पट्टे दिसतात ते मात्र अशा दिवशी मार खातात. पावसाळ्यात पण ढगांच्या मधून दहा मिनिटं ऊन आलं तर सोडू नका, ती दहा मिनिटं कधी कधी अख्ख्या मे महिन्यावर भारी पडतात.

जागा

उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे, अमेरिकेत कॅलिफोर्नियातली बिग बेअर वेधशाळा पण तलावातच बांधलीय. ही काही हौस नाही, पाणी उन्हानं जमिनीसारखं झटकन तापत नाही, त्यामुळं त्याच्यावरची हवा कमी ढवळते. आपल्याकडं तलाव कमी आहेत का? तुळजापूर रोडला हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे, विजापूर रोडला संभाजी तलाव आहे, ज्याला जुने लोक कंबर तलाव म्हणतात. सकाळी सूर्य पूर्वेला असतो म्हणून तलावाच्या पश्चिम काठावर उभं रहायचं, म्हणजे समोर पाणी येतं. आणि अगदी पाण्याजवळ, लांब मागं रस्त्यावर नाही, कारण सूर्य ३० अंशांवर असेल तर तुमची नजर शंभर मीटर पुढं जाईपर्यंत जवळपास ५८ मीटर वर गेलेली असते, म्हणजे जे काय नडतं ते पहिल्या काही मीटरमध्येच नडतं. पाणी तुमच्या पायाशी पाहिजे. सिद्धेश्वर तलाव गावातच आहे, पण तिथं भाविकांची ये-जा असते, टेलिस्कोप मांडला की गर्दी होते आणि गर्दीत सूर्याचा टेलिस्कोप मला सुरक्षित वाटत नाही, कुणीतरी उत्साहात फिल्टरला हात लावतोच.

रोज तलावावर कोण जाणार, खरंय. तर मग गवत, शेत, झाडाखालची माती, शाळेचं मैदान, यातलं काहीही गच्चीपेक्षा बरं. मातीवर टेलिस्कोप ठेवला की दुसरा फायदा, कुणी चाललं तरी हादरा बसत नाही, गच्चीवर घरातलं माणूस वाळवण घालायला आलं तरी सूर्य नाचतो. आणि गच्चीच असेल तर पूर्वेच्या कठड्याला खेटून बसू नका, सकाळचं ऊन त्या भिंतीवर बाहेरून पडतं आणि गरम हवा भिंतीला धरून सरळ वर येते, नेमकी तुमच्या नजरेच्या वाटेत. कठड्यापासून थोडं मागं या, आणि पुढं जो स्लॅबचा तुकडा उरतो त्याच्यावर ओलं गोणपाट टाका. पाण्याची चणचण असताना अख्खी गच्ची धुवा असं मी सांगणार नाही, दोन गोणपाटं पुरतात. जिन्यावरच्या टोपीवर, म्हणजे अजून एक मजला वर, सुरक्षित चढता येत असेल तर आणखी चांगलं, तापलेल्या पृष्ठभागापासून पहिले दोन-तीन मीटर सगळ्यात वाईट असतात. छताला पांढरा कूल-रूफ रंग मारलेला असेल तर फरक चांगलाच पडतो.

नळी

काळी नळी, उन्हात, तोंडाला फिल्म लावून बंद केलेली. आत काय होत असेल विचार करा. रिफ्लेक्टरवाल्यांना, म्हणजे आरशाचा टेलिस्कोप असणाऱ्यांना, हे जास्त छळतं. टेलिस्कोप अर्धा-पाऊण तास आधी बाहेर सावलीत काढून ठेवा, म्हणजे आतली आणि बाहेरची हवा एका तापमानाला येईल, पण उन्हात नाही. मग बघायला सुरुवात केल्यावर नळीला स्वयंपाकघरातला अल्युमिनियम फॉइल गुंडाळा, चमकती बाजू बाहेर. सगळ्यात उपयोगी म्हणजे थर्माकोलचा मोठा गोल कापून, मध्ये नळीएवढं भोक पाडून, तो नळीच्या पुढच्या टोकाला गळपट्टीसारखा बसवा, त्याची सावली अख्ख्या नळीवर पडते आणि तुमच्या तोंडावर पण पडते, डोळ्यावर बाजूनं येणारं ऊन थांबतं. नुसता हा थर्माकोल लावल्यावर डागांच्या आतले तपशील दिसायला लागलेत असं मी बघितलंय. डोक्यावर घ्यायला आपला सोलापुरी टॉवेल आहेच, पांढरा किंवा फिकट रंगाचा घ्या, काळं कापड डोक्यावर घेऊन मेमध्ये बसाल तर चक्कर येईल. आठ इंची डॉब्सोनियनला, म्हणजे फिरत्या खोक्यात बसवलेल्या रिफ्लेक्टरला, मागं आरशाजवळ छोटा कॉम्प्युटरचा फॅन असेल तर चालू ठेवा.

फिल्टर पण कधी कधी दोषी असतो

फिल्म ताणून, ढोलासारखी बसवायची नसते. लोकांना सुरकुत्या बघवत नाहीत म्हणून ताणतात आणि चित्र बिघडवतात. सैल ठेवा, सुरकुत्या राहिल्या तरी चालतात, ताण नको. दर वेळी लावायच्या आधी फिल्टर उजेडासमोर धरून भोकं बघा, टाचणीच्या टोकाएवढं एखादं असेल तर काळ्या मार्करनं बुजवता येतं, घडीला चिरलेली, खरचटलेली किंवा बरीच भोकं असलेली फिल्म सरळ टाकून द्या, फिल्म डोळ्यापेक्षा महाग नाही.

डॉब्सोनियनवाल्यांचा एक खास घोळ आहे. पुढच्या मोठ्या झाकणात एक छोटं झाकण असतं, साधारण ५० मिमीचं, आणि लोक फिल्म तिथंच लावतात कारण फिल्म कमी लागते. सूर्य दिसतो, मोठे डाग दिसतात, हवा वाईट असेल तर उलट शांत दिसतो. पण मग दाणे दिसत नाहीत म्हणून तक्रार. ते दिसणारच नाहीत. आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, सूर्यावरचा एक आर्कसेकंद म्हणजे साधारण ७२५ किमी, दाण्यांचा आकार हजार ते दीड हजार किमी, म्हणजे दीड-दोन आर्कसेकंद, आणि ५० मिमीच्या भोकाची क्षमता २.३ आर्कसेकंदाच्या आसपास संपते. टेलिस्कोप आठ इंची असला तरी त्या वेळी तो ५० मिमीचाच असतो. मधल्या छोट्या आरशाला टाळून बाजूला भोक पाडायचं तर आठ इंचीत ७५ मिमीपर्यंत जाता येतं. त्याहून मोठं पाहिजे तर मधला आरसा आत घेऊन मोठा फिल्टर करावा लागतो. मी म्हणेन दोन्ही करून ठेवा, शांत सकाळी मोठा, नंतर हवा बिघडली की छोटा.

पॉवर आणि दाणे

९०० मिमी फोकल लेंथच्या टेलिस्कोपला २५ मिमीचा आयपीस लावला तर ३६ पट होतं, अख्खा सूर्य मावतो. १० मिमीला ९० पट. सोलापुरात मी ९०-१०० च्या पुढं क्वचितच जातो, स्वस्त बार्लो, म्हणजे पॉवर वाढवायचं जास्तीचं भिंग, तर काढून पेटीत ठेवा. दाणे बघायचे असतील तर ७०-९० पट, चकतीचा मध्य, आणि धीर. फोकस डागाच्या उपच्छायेवर करा, म्हणजे काळ्या गाभ्याभोवती जो करडा पट्टा असतो त्याच्यावर, त्यातल्या बारीक रेघा दिसल्या की फोकस बसला. मग नॉबला हात लावायचा नाही. नुसतं बघत बसायचं. बराच वेळ काहीच नसतं, पांढरं सपाट, आणि मग अचानक अर्धा सेकंद हवा थांबते आणि अख्ख्या चकतीवर दाणे उमटतात, फुटलेल्या ज्वारीच्या कणसासारखे, एकाला एक चिकटून, मधे बारीक गडद रेघा, आणि तुम्ही श्वास सोडायच्या आत गेलेले असतात. एकदा दिसले की डोळ्याला सवय होते, मग परत परत सापडतात. त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे खालून वर येणारा तापलेला वायू, कडेच्या गडद रेघांतून तो थंड होऊन परत खाली बुडतो, एक दाणा साधारण आठ-दहा मिनिटं टिकतो. आयपीसला हिरवा फिल्टर जोडला, अर्थात पुढचा सोलर फिल्टर जागेवर असतानाच, तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढतो, रिफ्रॅक्टरमध्ये, म्हणजे भिंगाच्या टेलिस्कोपमध्ये, जास्त.

कडेजवळ बघायचं तर दाणे नाही, तिथं फॅक्युला शोधा, पांढरे वेडेवाकडे पट्टे. सूर्याची कडा मध्यापेक्षा मंद असते म्हणून ते तिथं उठून दिसतात आणि मध्यावर आले की हरवतात.

डाग की धूळ, ही शंका पण सारखी येते. आयपीस त्याच्या जागेवरच गोल फिरवा, ठिपका आयपीसबरोबर फिरला तर धूळ. नळी किंचित हलवा, ठिपका सूर्याबरोबर सरकला तर डाग. आणि ज्या दिवशी एकही डाग नसेल त्या दिवशी टेलिस्कोपला दोष देऊ नका, आधी मोबाइलवर नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीचं आजचं चित्र बघा. सध्याचं २५ वं सौरचक्र, म्हणजे डाग वाढायची आणि कमी व्हायची फेरी, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, त्याचा जोराचा टप्पा आल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं, आता इथून पुढं काही वर्षं डाग कमी कमी होत जाणार. जोर असताना मे २०२४ मध्ये जो प्रचंड डागसमूह आला होता त्यानं लडाखात हान्लेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दाखवला, तसलं रोज नसतं.

ते चित्र आणि तुमचं दृश्य जुळत नसेल तर घाबरू नका. रिफ्लेक्टरमध्ये सगळं उलटं दिसतं, डायगोनल, म्हणजे उजेड वळवणारा छोटा आरसा, लावलेल्या रिफ्रॅक्टरमध्ये डावं-उजवं बदलतं, शिवाय सकाळी सूर्य आपल्याला तिरका दिसतो. नळी धरून न ठेवता सोडून द्या, सूर्य ज्या बाजूनं आयपीसच्या बाहेर सरकायला लागतो ती पश्चिम. तिथून धरून चित्र फिरवा, सगळे डाग जागेवर सापडतील. रोज त्याच वेळी कागदावर गोल काढून डाग मांडले तर दोन दिवसांत सूर्य फिरतोय हे तुम्हीच सांगाल, आपल्याला त्याची एक फेरी साधारण २७ दिवसांची दिसते.

राहिला शेवटचा प्रश्न, कडेवरच्या लाल ज्वाळा का दिसत नाहीत. जागा, वेळ, नळी, सगळं जमवलं तरी पांढऱ्या उजेडाच्या फिल्टरमधून त्या दिसत नाहीत, चकतीच्या उजेडापुढं त्या फार मंद असतात. त्यांना फक्त हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे हायड्रोजन वायूच्या लाल उजेडाची, ६५६.२८ नॅनोमीटरची बारीक पट्टी वेगळी काढणारा खास टेलिस्कोप किंवा फिल्टर लागतो आणि तो महाग असतो, लाल रंगाची काच लावून ते काम होत नाही. कुणी पाच-सातशे रुपयांत 'ज्वाळा दाखवणारा लाल फिल्टर' विकत असेल तर घेऊ नका, आणि पुढचा सोलर फिल्टर काढून तो लावून बघायचा प्रयोग तर कधीच करू नका.